मेजर रामा राघोबा राणे : रस्ता मोकळा करणाऱ्या माणसाला परमवीर चक्र का मिळाले?

माणदेशी

मेजर रामा राघोबा राणे यांचे ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये वयाच्या ७६ व्या वर्षी निधन झाले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काश्मीर युद्धात पाच जणांना परमवीर चक्र मिळाले. त्यांपैकी मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंग आणि कंपनी हवालदार मेजर पिरू सिंग यांना ते मरणोत्तर देण्यात आले, तर लान्स नाईक करम सिंग आणि सेकंड लेफ्टनंट राणे हे दोघे ते स्वतःच्या हाताने स्वीकारू शकले. राणे त्या पराक्रमानंतर ४६ वर्षे जगले आणि त्यांचा शेवटही पुण्यातच झाला. तरीही सोमनाथ शर्मांचे नाव ज्याला ठाऊक आहे अशा मराठी माणसालाही राणे यांचे नाव चटकन आठवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शौर्यकथेत आपण जे शोधतो, म्हणजे खंदकावरची चाल, हातघाईची लढाई, एकट्याने रोखलेला हल्ला, त्यातले काहीच या कथेत नाही. ८ ते ११ एप्रिल १९४८ या चार दिवसांत त्यांनी नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सुरुंग काढले आणि शत्रूने घातलेले अडथळे हटवले. यासाठी सर्वोच्च पदक का, असा प्रश्न मला तरुण मुलांनी अनेकदा विचारला आहे. माझ्या मते ते पदक अगदी योग्य माणसाला मिळाले, आणि राणे विस्मरणात गेले तेही त्याच कारणाने गेले, कारण त्यांचे काम चित्रात दाखवता येण्यासारखे नव्हते. जाणकारांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि त्यांच्या लष्करापूर्वीच्या व नंतरच्या आयुष्याविषयीही लिहावे, अशी विनंती.

काळीनदी

मी मूळचा कारवारचा, म्हणून सुरुवात मी करतो. राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिया गावी झाला. वडील पोलिसात शिपाई होते आणि त्यांची सतत बदली होत असल्यामुळे रामाचे शिक्षण एका शाळेत सलग झाले नाही. १९३० मध्ये सत्याग्रहाची लाट आली तेव्हा हा बारा वर्षांचा मुलगा तिच्याकडे ओढला गेला. पोटाला इंग्रज सरकारची चाकरी आणि घरात चळवळीकडे धावणारा मुलगा, अशा कोंडीत सापडलेल्या वडिलांनी कुटुंबाला पुन्हा चेंडियाला आणून ठेवले. पुढे दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, तोच मुलगा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, भरती झाला. प्रशिक्षणात तो सर्वोत्कृष्ट रंगरूट ठरला आणि त्याला कमांडंटची छडी मिळाली.

कारवारच्या टागोर किनाऱ्यावर, ‘चपल’ ही नौदलाची जुनी नौका जिथे संग्रहालय म्हणून ठेवली आहे तिथेच, त्यांचा पुतळा आहे. ७ नोव्हेंबर २००६ रोजी त्याचे अनावरण झाले. सुट्टीत आलेले लोक नौका पाहायला जातात, तेव्हा पुतळ्याखालचा मजकूरही त्यांनी थांबून वाचावा, असे मला दर वेळी वाटते.

चाफेकळी

म्हणजे ते महाराष्ट्राचे की कर्नाटकाचे? दोन्हीकडच्या याद्यांत मी त्यांचे नाव पाहिले आहे.

काळीनदी

चाफेकळीताई, ते जन्मले तेव्हा कारवार मुंबई इलाख्यात होते आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ते आजच्या कर्नाटकात गेले. आमच्याकडे घरात कोकणी आणि मराठी दोन्ही चालत आल्या आहेत. माणूस कारवारचा, पलटण खडकीची आणि अखेर पुण्यात. दोन्ही राज्यांनी त्यांचा अभिमान बाळगला तर कोणाचेच काही कमी होत नाही, म्हणून या मुद्द्यावर धागा भरकटू नये एवढीच इच्छा.

सुभेदार_निवृत्त

मी त्या भागात नोकरी केली आहे, त्यामुळे लढाईची मांडणी सांगतो. २४ डिसेंबर १९४७ रोजी झांगड आपल्या हातून गेले. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांनी नौशेरा राखले आणि १८ मार्च रोजी झांगड परत घेतले. आता पुढचे लक्ष्य राजौरी होते, कारण ते नोव्हेंबर १९४७ पासून हल्लेखोरांच्या ताब्यात होते आणि तिथल्या सामान्य लोकांवर जे अत्याचार झाले होते त्यांच्या वार्ता सर्वांपर्यंत पोहोचल्या होत्या. तिकडे जायला रस्ता एकच होता. तो नदीच्या खोऱ्यातून जातो आणि दोन्ही अंगांना डोंगर आहेत. शत्रूने माघार घेताना तो सुरुंगांनी पेरला होता, झाडे पाडून जागोजागी अडवला होता आणि वरच्या कड्यांवर मशिनगन मांडल्या होत्या. पायदळ डोंगरातून वाट काढू शकते, पण रणगाडे आणि रसदीच्या गाड्या रस्ता सोडून जाऊ शकत नाहीत, आणि रणगाड्यांशिवाय राजौरीवर झपाट्याने जाणे अशक्य होते.

८ एप्रिल रोजी ४ डोग्रा पलटणीने नौशेऱ्याच्या उत्तरेला सुमारे ११ किलोमीटरवरची बरवाली टेकडी घेतली. ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका सेक्शनसह, म्हणजे छोट्या तुकडीसह, राणे या पलटणीला जोडलेले होते. सुरुंग काढायला सुरुवात होताच उखळी तोफांचा मारा झाला, दोन सॅपर (इंजिनिअर दलाचे जवान) ठार झाले आणि राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. जखमी अधिकाऱ्याला मागे जाण्याचा पूर्ण अधिकार असतो, आणि त्यांनी तसे केले असते तर कोणी बोट दाखवले नसते. ते थांबले. संध्याकाळपर्यंत रणगाडे पुढे सरकले होते आणि राणे रात्रभर पुढची वाट तयार करत होते.

९ तारखेला बारा तास सलग हेच काम चालले. जिथे रस्ता मोकळा करणे शक्य नव्हते तिथे त्यांनी बाजूने वळणवाट काढून दिली. १० तारखेला पहाटे उठून त्यांनी पाच चीड वृक्षांचा अडथळा हाती घेतला, ज्याच्याभोवती सुरुंग होते आणि ज्याच्यावर मशिनगनचा मारा चालू होता. दोन तासांत तो दूर झाला आणि त्या दिवशी सैन्य आणखी १३ किलोमीटर पुढे गेले. ११ तारखेला त्यांनी सतरा तास काम करून चिंगसपर्यंतचा रस्ता खुला केला आणि त्याच्या पुढेही मार्गिका काढत राहिले. त्यानंतर राजौरी आपल्या हाती आली.

फळा_खडू

सुभेदारसाहेब, इतकी स्पष्ट मांडणी मी प्रथमच वाचत आहे. चिंगसचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना वेगळ्या कारणाने माहीत असते. काश्मीरहून लाहोरकडे परतताना १६२७ मध्ये जहांगीर वाटेत वारला, त्याची आतडी काढून चिंगसच्या सराईत पुरली आणि देह लाहोरला नेला, अशी तिथली परंपरा आहे. म्हणजे हा रस्ता जुना मोगली रस्ता आहे. एखादी वाट इतकी वर्षे वापरात राहते ती भूगोल दुसरी वाट देत नाही म्हणून, आणि त्याच कारणाने ती अडवणेही शत्रूला सोपे जाते. मुलांना नकाशावर नौशेरा, बरवाली, चिंगस, राजौरी हे चार बिंदू जोडायला सांगितले की राणे यांचे महत्त्व मला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

निरंजन_वाचक

राणे यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून दोन गोष्टी मांडतो. पहिली अशी की, या चार दिवसांच्या वर्णनात शत्रूचे पाचशेहून अधिक लोक मारले गेल्याचा उल्लेख येतो आणि काही ठिकाणी तो असा लिहिला जातो की जणू ते सर्व राणे यांनी मारले. तो आकडा संपूर्ण चढाईचा आहे. राणे यांच्या कामामुळे रणगाडे आणि डोग्रा पलटण वेळेवर पोहोचू शकली, हे त्याचे खरे नाते आहे. दुसरी गोष्ट अशी की, पहिल्याच तासांत जे दोन सॅपर गेले त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. सुरुंग एकट्याने काढले जात नाहीत. पदक एकाला मिळाले, काम सेक्शनचे होते.

सुभेदार_निवृत्त

पहिला मुद्दा मान्य आहे. दुसऱ्याबद्दल थोडे वेगळे मत आहे. पहिल्याच माऱ्यात दोन जवान ठार आणि अधिकारी जखमी झाल्यावर उरलेल्या जवानांनी पुन्हा त्याच जमिनीवर पोटावर सरपटत जायचे, हे हुकुमाने होत नाही. पुढे कोण आहे हे जवान पाहतो. राणे जखमी अवस्थेत सर्वांत पुढे होते, म्हणून सेक्शन चार दिवस उभे राहिले. पदक एकाच्या नावावर असले तरी त्या शौर्यात सेक्शनचा वाटा आहे, हे फौजेत प्रत्येक जण जाणतो, आणि माझी खात्री आहे की राणेसाहेबही ते जाणत असणार.

घाटरस्ता

मी सीमाभागात रस्तेबांधणीच्या कामावर होतो आणि तिथे सॅपर लोकांना सुरुंग काढताना जवळून पाहिले आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर मला या कामाच्या पद्धतीतच सापडते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रणगाडाविरोधी सुरुंग माणसाच्या पावलाने सहसा फुटत नाही, त्याला गाडीचे वजन लागते. पण त्याच्या आसपास माणसासाठी वेगळे, छोटे सुरुंग पेरलेले असतात, आणि मोठा सुरुंग उचलताच फुटावे असे साधनही त्याच्या पोटाखाली दडवलेले असू शकते. शोधयंत्र हाताशी असले तरी शेवटचे काम संगिनीच्या टोकाने आणि बोटांनी करायचे असते. पोटावर पडून संगीन तिरकी खुपसायची, टणक काही लागले की माती हाताने बाजूला करायची, कडेने आणि खालून चाचपायचे, आणि मगच तो निकामी करायचा किंवा दोरी बांधून लांबून ओढायचा. मग एक वीत पुढे सरकायचे आणि पुन्हा तेच. मोकळी झालेली पट्टी पांढऱ्या फितीने आखत जायचे, म्हणजे मागच्याला कळते.

आता यात उखळी तोफांचा मारा मिळवा. पायदळातला शिपाई गोळ्या येऊ लागल्या की आडोसा शोधतो, धावतो, उलट गोळी झाडतो, आणि त्या हालचालीतून भीतीला वाट मिळते. सॅपरला यांतले काहीही करता येत नाही. त्याला हात थरथरू न देता त्याच गतीने काम करावे लागते, कारण घाई केली तर जमीन त्याला सोडत नाही. असे काही मिनिटे करणेही कठीण. राणे यांनी ते चार दिवस केले, अंगावर जखम असताना केले.

रणगाड्याचा प्रसंगही इथे नोंदवायला हवा. चढाईत एके ठिकाणी ते रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढे सरकत चालकाला दोरीच्या खुणेने थांबण्याची आणि चालण्याची सूचना देत राहिले. खडबडीत रस्त्यावर, दोन पट्ट्यांच्या मध्ये, वर कित्येक टनांचे लोखंड आणि चालकाला आपण दिसत नाही, ही परिस्थिती डोळ्यांसमोर आणून पाहावी. दोरीची एक खूण चुकली असती तरी शत्रूच्या गोळीची गरज उरली नसती.

चाफेकळी

घाटरस्ता, तुमचा प्रतिसाद वाचून मी काही वेळ पुढचे वाचूच शकले नाही.

खडकीकर

या धाग्यात एक दुवा जोडतो. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आमच्या खडकीत आहे आणि सुरुंगांच्या बाबतीत या दलाचा वारसा विलक्षण आहे. जानेवारी ते फेब्रुवारी १९४१ मध्ये ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेत सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत यांनी चार दिवसांत ५५ मैल रस्त्यावरची १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी केली आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भगत यांचाही जन्म १९१८ चा. तेही याच दलाचे, त्या वेळी तेही सेकंड लेफ्टनंट, आणि तेही चार दिवस रस्ताच मोकळा करत होते. सात वर्षांच्या अंतराने एकाच दलातील दोन समवयस्क अधिकाऱ्यांना एकाच प्रकारच्या कामासाठी दोन सर्वोच्च पदके मिळाली, हा योगायोग नसून त्या दलाने जोपासलेल्या शिस्तीचा परिणाम आहे, असे मी मानतो.

फरक असा की, भगत अधिकारी म्हणूनच दाखल झाले होते. राणे साधे सॅपर म्हणून भरती झाले, नाईक झाले, हवालदार झाले, आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना कमिशन मिळाले. म्हणजे बरवालीला पोहोचले तेव्हा त्यांना अधिकारी होऊन चार महिनेही झाले नव्हते, पण पाठीशी जवान म्हणून जगलेली सात वर्षे होती. मानपत्रातल्या ‘सेकंड लेफ्टनंट’ या शब्दांमुळे वाचकासमोर कोवळा पोरगा उभा राहतो, पण हा माणूस तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता आणि ब्रह्मदेशातून तावून सुलाखून आला होता.

माणदेशी

खडकीकर, ब्रह्मदेशातला प्रसंगही लिहाल का? मी त्याबद्दल केवळ ओझरते वाचले आहे.

खडकीकर

अवश्य. राणे २६ व्या डिव्हिजनबरोबरच्या २८ फील्ड कंपनीत होते. आराकानमधून सैन्य मागे येत असताना बुथिडौंग इथली महत्त्वाची साधने शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून ती उडवून देण्यासाठी दोन सेक्शनसह मागे थांबण्याचा हुकूम त्यांना मिळाला. काम झाल्यावर नौदलाची नौका त्यांना उचलणार होती, पण ते जमले नाही. जपान्यांची गस्त असलेली नदी त्यांनी स्वतःच्या हिमतीवर पार केली आणि आपल्या माणसांसह परत येऊन मिळाले. त्या कामगिरीबद्दल त्यांना हवालदारपदी बढती मिळाली.

या दोन प्रसंगांत मला सॅपरचे सगळे आयुष्य दिसते. माघारीत तो सर्वांत शेवटी निघतो, कारण पूल आणि साठे उडवायचे असतात. चढाईत तो सर्वांत पुढे असतो, कारण वाट मोकळी करायची असते. बुथिडौंगला राणे यांनी शत्रूला उपयोगी पडेल ते नष्ट केले, आणि नौशेऱ्यापुढे शत्रूने केलेला तोच प्रकार उलगडला. अडथळा कुठे आणि कसा रचतात हे ज्याला स्वतःच्या हातांनी माहीत आहे, त्यालाच तो इतक्या वेगाने सोडवता येतो.

निरंजन_वाचक

उत्तम. एक शंका उरते. राणे हे परमवीर चक्राचे पहिले हयात मानकरी, असे काही ठिकाणी लिहिलेले असते आणि काही ठिकाणी तोच मान करम सिंग यांना दिलेला असतो. हे कसे लावायचे?

सुभेदार_निवृत्त

पराक्रमाच्या तारखेने पाहिले तर राणे आधी येतात. त्यांची कामगिरी एप्रिल १९४८ ची आहे आणि करम सिंग यांची तिथवालची लढाई १३ ऑक्टोबर १९४८ ची. दुसरीकडे लक्षात ठेवायचे ते हे की, परमवीर चक्र हे पदकच २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरले गेले, त्यामुळे राणे यांचे नावही २१ जून १९५० रोजी राजपत्रात आले. मला विचाराल तर या दोघांत क्रम लावण्यात काही हशील नाही. आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी केवळ सात जणांना हे पदक हयातीत मिळाले आहे आणि हे दोघे त्या सातांत आहेत. क्रमाचाच आग्रह असेल तर एक गोष्ट निर्विवाद आहे : या २१ जणांत इंजिनिअर्स दलाचे राणे हे एकटेच आहेत.

फळा_खडू

हे शेवटचे वाक्य मी वर्गात नक्की सांगेन.

निवृत्तीनंतरच्या आयुष्याबद्दल माणदेशींनी विचारले होते. मेजर राणे जून १९६८ मध्ये २८ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाले, सैन्यानेच त्यांना पुन्हा कामावर घेतले आणि एप्रिल १९७१ मध्ये ते अखेरचे सेवामुक्त झाले. त्यांच्या हयातीतच, १९८४ मध्ये, भारतीय नौवहन महामंडळाच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले गेले होते, आणि २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीरांची नावे दिली गेली, त्यांतही ते आहेत.

माझ्या दृष्टीने याहून मोलाची नोंद राजौरीची आहे. तिथे आजही दरवर्षी १३ एप्रिलला राजौरी दिन पाळला जातो. नोव्हेंबर १९४७ पासून पाच महिने ज्यांनी माणसे गमावली त्यांच्या दृष्टीने आपले सैन्य एक दिवस आधी पोहोचणे म्हणजे आणखी किती घरे वाचणे, हे ज्याचे त्यानेच समजावे. बरवालीजवळ जखमी राणे मागे गेले असते तर नवा अधिकारी येईपर्यंत काही तास, कदाचित एक रात्र गेली असती, आणि त्या रात्री राजौरीत काय घडले असते याचा विचारही करवत नाही.

घाटरस्ता

फळा_खडू यांनी प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा नेमके दिले. इथे वेळ हेच शस्त्र होते. सुरुंग पेरणाऱ्याला शत्रू मारायचा असतोच असे नाही, त्याला वेळ मिळवायचा असतो, आणि राणे यांनी तासातासाने तोच वेळ शत्रूच्या हातून काढून घेतला. मशिनगनचे ठाणे जिंकणाऱ्याच्या पराक्रमापेक्षा हे कमी कसे ठरेल?

माणदेशी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फळा_खडू यांचा राजौरीचा मुद्दा आणि घाटरस्ता यांचे कामाचे वर्णन एकत्र करून मी आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी मजकूर तयार करत आहे. निरंजन यांच्या सूचनेप्रमाणे त्यात ८ एप्रिलला धारातीर्थी पडलेल्या दोन सॅपरांचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात असेल आणि पाचशेचा आकडा संपूर्ण चढाईच्या नावावर लिहिला जाईल. काळीनदी, तुम्ही पुढच्या वेळी कारवारला जाल तेव्हा पुतळ्याचे आणि त्याखालच्या मजकुराचे छायाचित्र पाठवू शकाल का?

काळीनदी

गणपतीला गावी जात आहे, तेव्हा नक्की पाठवतो.